सिस्टर फक्त रक्त काढते?

‘औषधाची चाचणी डॉक्टरांची. सिस्टरनं रक्त काढायचं, तक्ते भरायचे. त्यात कसलं आलंय संशोधन?’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे आणि खुद्द परिचारिकांच्याही. दुसऱ्याचं जास्त वाईट वाटतं.

ते ‘नुसतं रक्त काढणं’च बघू. गोळी घेतल्यावर औषध रक्तात किती चढतं, कधी उतरतं, हे ठरल्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून कळतं. नमुना 10 वाजता हवा होता. शीर सापडेना, 10 वाजून 12 मिनिटं झाली. कागदावर 10 लिहिलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, आलेख मात्र खोटा होईल. तिथं 10.12 लिहिणारी सिस्टर संशोधन करत नसेल, तर करतं कोण? गंभीर दुष्परिणाम 24 तासांत कळवण्याची जबाबदारी नियमानं संशोधक डॉक्टरांवर आहे. पण रात्री दोनला रुग्णाला फुटलेला घाम आधी दिसतो कुणाला? आणि ‘गावचा काढाही घेतेय गं’ हे आजी राउंडला सांगत नाहीत, सलाईन बदलताना सांगतात.

विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे: सिस्टरवरच्या या विश्वासाचा गैरवापर होतो. अमेरिकेत टस्कीगीला 1932 ते 1972 अशी 40 वर्षं, सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना योग्य उपचारांविना नुसतं निरखत ठेवलं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. ही माणसं इतकी वर्षं येत राहिली, त्यात युनिस रिव्हर्स या कृष्णवर्णीय परिचारिकेचा मोठा वाटा होता. ती त्यांना गाडीतून तपासणीला नेई. तिचा दोष मी झाकणार नाही. पण भरवसा तिचा वापरला गेला आणि अभ्यासाची आखणी डॉक्टरांच्या हाती राहिली. मग ‘परिचारिकेला दूर ठेवा’ हा धडा त्यातून निघतो कसा? विश्वास जिच्या जिवावर मिळवता, तिला ‘हे थांबवा’ म्हणण्याची जागाही द्या.

आपल्याकडे ही जागा औषध-चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत आहे. 2019 च्या नियमांनुसार या समितीत किमान 7 सदस्य लागतात. कायदेतज्ज्ञ हवा, सामान्य नागरिक हवा, एक स्त्री हवी. परिचारिका हवीच, असं कुठं म्हटलेलं नाही, मनाईही नाही. तेव्हा समितीच्या अध्यक्षांना विनंती: पुढची जागा रिकामी झाली की वॉर्डातल्या सिस्टरला बोलवा. आणि मेट्रनबाई, बैठकीच्या दिवशी तिची नाइट लावू नका.