कान कोणाचे आणि कसोटी कोणाची?

दिवाळी आली की पूर्वी घरोघर कापडाचा, फार तर घड्याळाचा विषय निघत असे. आता भाऊबीजेच्या ताटात हेडफोन पडू लागले आहेत. पाडव्याला बायकोला, दहावी झालेल्या मुलाला, पेन्शनीत निघालेल्या वडिलांना, ज्याला त्याला हेडफोन. या बदलाबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. दागिना अंगावर मिरवायचा असतो. हेडफोन निदान कानाच्या कामी येतो. तक्रार आहे ती निराळीच. हजारो रुपये मोजून हे यंत्र घरी आणताना आपण ते ज्या कसोटीवर घासून घेतो, ती कसोटी आपल्या गाण्याची नाही. ती दुकानदाराची आहे, जाहिरातदाराची आहे, आणि पुष्कळ वेळा भलत्याच संगीताची आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात बसून कोणी असे लिहू लागला की पुण्यामुंबईचे रसिक नाक मुरडतात. सोयाबीनच्या भावाची काळजी करणाऱ्यांनी हेडफोनची चर्चा कशाला करावी, असा त्यांचा भाव असतो. मुरडोत बापडे! आमच्या गावाला मोठ्या नावांचे भय फारसे नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच शिवारात निजाम-उल-मुल्काने मुबारीजखानाचा पराभव केला, आणि विजयाच्या भरात गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ ठेवले. शिक्का एवढ्या मोठ्या सत्तेचा. पण लोकांच्या जिभेवर साखरच राहिली. तेव्हा डब्यावरचे नाव वाचून आतला माल ओळखण्याची सवय आम्हांला कमीच. शिवाय ज्या गावात पळसिद्धांचा मठ आहे, प्रल्हाद महाराजांचे समाधिमंदिर आहे, त्या गावाच्या कानाला टाळ, मृदंग आणि वीणा काही नव्याने ऐकायच्या नाहीत.

पहिला समाचार घ्यायचा तो किंमतभक्तांचा. जितका महाग तितका सुरेल, हे यांचे उपनिषद. यांना विचारावे, महाशय, सुरेल म्हणजे काय? उत्तर येते आकड्यांत. अमुक कंपनांपासून तमुक कंपनांपर्यंत हा हेडफोन वाजतो! माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. वय वाढले की वरचा आकडा आपोआप खाली येतो. साठी उलटलेल्या आजोबांसाठी ४०,००० कंपनांचा हेडफोन घेणे म्हणजे दात पडलेल्यास चकलीचा साचा भेट देणे होय.

आमची कसोटी सांगतो. ती फुकट आहे. तानपुऱ्याचे शुद्ध, बरे मुद्रण लावावे आणि शेवटची खर्जाची तार ऐकावी. तार षड्जाची असते. पण तंबोरा नीट जुळलेला असला आणि जवारी खुली असली की त्या षड्जातूनच एक गंधार आपसूक उमलतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शास्त्राच्या भाषेत हा मूळ स्वराचा पाचवा अंश. खर्जाची तार सेकंदाला ६९ कंपनांनी वाजत असेल, तर हा गंधार ३४५च्या आसपास असतो. म्हणजे तो ना पाताळात आहे, ना आकाशात. तो अगदी मधल्या माजघरात बसला आहे. हेडफोनमधून तो गंधार तुम्हांला स्वच्छ ऐकू आला, तर यंत्र घरात घ्यावे. न आला, तर ते कितीही किमतीचे असो, दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

आता हा गंधार दबतो कशाने? खर्जाच्या अतिरेकाने. हा आमचा दुसरा शत्रुपक्ष. आज बाजारातले कितीतरी हेडफोन मुद्दाम खालचा आवाज फुगवून बनवलेले असतात. दुकानात दोन मिनिटे कानाला लावला की डोके दणाणते, आणि गिऱ्हाईकाला वाटते, वा, काय दम आहे! पण खालचा जाड आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा धर्मच आहे. ज्या संगीताचा प्राण ठोक्यात आहे त्याला हे फुगवणे मानवत असेल. आपल्या वाद्यांचा प्राण मात्र उपस्वरांत आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास तबल्यामृदंगाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की पुडीवरच्या शाईमुळे या वाद्यांतून सुसंवादी उपस्वर निघतात. एरवी नुसत्या कातड्याच्या ढोलातून तसे निघत नाहीत. तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीच्या वळणाचे मर्मही त्यांनीच उलगडले. आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या शाई चढवून आणि जवारी घासून जे मिळवले, ते आपण दणक्याच्या हौसेपायी कानाबाहेर ठेवावे, हा कोणता शहाणपणा?

कोणी म्हणेल, मग एकच उत्तम हेडफोन सांगा आणि मोकळे व्हा. तसे करता येत नाही, कारण गाणे एकजातीचे नाही. ख्याल ऐकायचा तर पाठ उघडी असलेला हेडफोन घ्यावा. त्याच्या वाट्यांना मागून जाळी असते. आवाज डोक्यात कोंडत नाही, समोर बैठक मांडल्यासारखा मोकळा वाटतो. जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने १९६८ साली एच. डी. ४१४ काढला, तेव्हापासून ही उघडी जात लोकप्रिय झाली. त्याच कंपनीचा १९९७ सालचा एच. डी. ६०० अजून जाणत्यांच्या घरी नांदतो. पण त्याचा विद्युतरोध ३०० ओहम. तो थेट मोबाईलला लावाल तर आवाज अर्धपोटी येईल. त्याला जोडीला लहानसा वर्धक लागतो. हे न सांगता जो विकतो, तो बैल विकून जू लपवणाराच म्हणायचा.

लावणीचे गणित उलटे. ढोलकीची थाप कडाडते आणि तत्काळ थांबते. तिचा घुमारा लांबला की पुढची थाप त्यात बुडते. वर तुणतुण्याची एक तार अखंड किणकिणत असते. येथे बंद पाठीचा, चटकन बोलून चटकन गप्प होणारा हेडफोन हवा. सोनीचा एम. डी. आर. ७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून वापरला जातो तो असल्याच काटेकोरपणासाठी. गावातल्या भरल्या घरात बंद पाठीचा आणखी एक उपयोग आहे. आपले गाणे शेजारच्या खाटेवर सांडत नाही, आणि बाहेरची गिरणीची घरघर आपल्या गाण्यात फारशी शिरत नाही.

जुन्या नाट्यपदांच्या तबकड्यांसाठी तर महाग हेडफोन हा शापच ठरतो. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यास गाऊन ठेवले तेव्हापासून पुढची वीसेक वर्षे गाणे कर्ण्यात तोंड घालून मुद्रित होत असे. त्यात अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर उतरतच नसत. उतरली ती तबकडीची खरखर. वरच्या स्वरांना धार लावणारा हेडफोन ती खरखर तेवढी इमानाने तुमच्या कानी घालतो. येथे साधा, मऊ आवाजाचा, मध्य सप्तकाला जपणारा हेडफोन बरा. भावगीतांचे आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीने घरोघर पोचवलेल्या गीतरामायणासारख्या गाण्यांचेही तेच. तेथे शब्द हा राजा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे कानात सुईसारखी टोचू लागली की समजावे, यंत्राला मराठी येत नाही.

राहिला प्रवास. गोंगाट मारणाऱ्या हेडफोनची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात सुचली. वैमानिकांसाठी ते यंत्र १९८९ साली आणि सर्वसामान्यांसाठी २००० साली बाजारात आले. ही युक्ती एकसारख्या घरघरीवर उत्तम चालते. एस. टी.च्या इंजिनाची घरघर ती पुष्कळ शमवील. शेजारच्या सीटवरचे भांडण मात्र शमवणार नाही! मेहकर-चिखलीला रोज ये-जा करणाऱ्याने असला हेडफोन घेतला तर ती चैन नव्हे, कारण घरघर कमी झाली की गाणे मोठे करावे लागत नाही. मात्र बिनतारी यंत्राची घटघडी ही थकते आणि काही वर्षांनी संपते. तारेचा हेडफोन, ज्याची गादी आणि दोरी बदलता येते, तो वीस वर्षे चालतो. दुरुस्तीचे दुकान जेथून लांब आहे, त्या गावच्या माणसाने हा हिशेब आधी करावा आणि कंपनीचे नाव मागून वाचावे.

तिसरा पक्ष मात्र किमतीचाही नाही आणि खर्जाचाही नाही. तो संस्कृतीच्या नावाने बोलतो. हेडफोनने घर फुटते, असे तो म्हणतो. पूर्वी सारे कुटुंब रेडिओभोवती बसे, आता जो तो आपल्या कानात बुडालेला! हा आक्षेप गोड आहे, म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो. रेडिओभोवती सारे बसत, हे खरे. पण खुंटी कोणाच्या हातात असे? घरच्या कर्त्या पुरुषाच्या. बातम्या त्याच्या, शेतीचे भाव त्याचे, नाट्यसंगीत त्याच्या आवडीचे. स्वयंपाकघरात भाकरी थापणारीच्या कानी भिंतीपलीकडून जे पडेल, ती तिची मैफल. आज तीच गृहिणी भांडीकुंडी आवरून रात्री अर्धा तास कानाला हेडफोन लावते आणि किशोरीताईंचा भूप स्वतःच्या मर्जीने ऐकते. तिच्या त्या अर्ध्या तासाने जे घर फुटेल, ते आधीच तडकलेले होते. पुस्तक आपण एकट्यानेच वाचतो. त्यामुळे घर फुटल्याचे कोणी म्हणत नाही. आणि सोबतीनेच ऐकायचे असेल तर १९७९ साली निघालेल्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावण्याची सोय होतीच. सोबत हवी की नको, हे माणसाने ठरवायचे असते. यंत्र त्याच्या आड येत नाही.

याच संस्कृतिरक्षकांना आमचा एक उलट प्रश्न आहे. वरातीपुढे भिंतीएवढे कर्णे रचून छातीच्या फासळ्या हलवणारा जो डी. जे. गावोगाव फिरतो, त्याने काय घर जोडले जाते? निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे. रात्री दहानंतर कर्णे बंद असावेत, हेही त्यातच आहे. हे नियम मोडणाऱ्या मिरवणुकीत जे पुढे नाचतात, त्यांनी अर्धा तास निमूटपणे गाणे ऐकणाऱ्या सुनेला एकलकोंडी म्हणावे, ही मोठी गंमत आहे.

तथापि हेडफोनवाल्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. कानाशी लावलेला डी. जे. हा डी. जे.च होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातले शंभर कोटींहून अधिक तरुण अशाच बेफाम ऐकण्यामुळे बहिरेपणाच्या उंबरठ्याशी आले आहेत. मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही तिने सांगितलेली मर्यादा, मुलांसाठी ७५. आवाज तीन डेसिबलने वाढवला की ऐकण्याचा वेळ निम्म्यावर येतो. कानातले नाजूक केस एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत, आणि तो माल कोणत्याही दुकानात, कोणत्याही किमतीला मिळत नाही. खर्ज फुगवलेल्या हेडफोनचा खरा अपराध हाच आहे. गंधार ऐकू येईना म्हणून मुलगा आवाज वाढवतो. आवाज वाढला की खर्ज आणखी माजतो. आणि शेवटी गंधारही जातो आणि कानही जातो.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली. तिला तेथे कोणी ऐकणारा भेटेल तेव्हा भेटो. येथे साखरखेर्ड्यात, मेहकरात, लोणारात तीच भैरवी मोबाईलवर मिळते, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला काय लावले आहे यावर ती पोचणार की नाही हे ठरते. म्हणून या दिवाळीत ज्यांना हेडफोन घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा. ऋण काढून मात्र घेऊ नये. दुकानात जाताना आपल्या आवडीची दोन गाणी आणि तानपुऱ्याचे एक मुद्रण बरोबर न्यावे. दुकानदार आपले दणदणीत गाणे लावू लागला तर त्याचा हात हळूच बाजूला करावा. आवाज बेताचा ठेवावा, डोळे मिटावेत आणि गंधाराची वाट पाहावी. किंमत त्यानंतर विचारावी.