पडद्यावरची लाल वही

हळदीचा हंगाम भरात आला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर भल्या पहाटेपासून वाहनांच्या रांगा लागतात. बीट होते, काटा होतो, कांडी आणि गट्टू यांचे ढीग वेगळे पडतात आणि दिवसभर पिवळी धूळ अंगावर घेतलेला व्यापारी सायंकाळी घरी परततो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम आहे, तिथे त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते. स्वयंपाकघर आवरलेले, वडीलधारी मंडळी प्रतिक्रमणाला बसलेली आणि बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी सुरू. त्या पडद्यावर अधूनमधून एक व्यापारीही येतो. त्याला पाहताना खरा व्यापारी काही बोलत नाही. शेजारी बसलेला नातू मात्र आळीपाळीने दोघांकडे पाहत असतो.

पडद्यावरच्या या व्यापाऱ्याची ओळख आता शंभर वर्षांची झाली. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला, तेव्हा चित्रपट अजून मुका होता. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा तो चित्रपट. त्यात कर्जापायी जमीन गमावून शहराकडे निघालेल्या शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट निघाला. तोवर सावकार, व्यापारी आणि दुकानदार हे तिघे पडद्यावर एकच झाले होते. धोतर, टोपी, नाकावर घसरलेला चष्मा आणि मांडीवर लाल वही एवढी खूण प्रेक्षकाला पुरत असे.

मग मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’मधला सुखीलाल आला. साल १९५७. सासूने लग्नासाठी घेतलेले पाचशे रुपयांचे कर्ज, त्याच्या व्याजापोटी जाणारे तीन चतुर्थांश पीक आणि अक्षर न वाचता येणाऱ्या घरासमोर उघडलेली वही. हा चित्रपट ज्याने पाहिला नाही असे घर सापडणे कठीण. मेहबूब खान यांनीच १९४० मध्ये ‘औरत’ नावाने ही कथा आधी पडद्यावर आणली होती आणि त्यातही सुखीलाल कन्हैयालाल यांनीच केला होता. सतरा वर्षांनी नायिका बदलली, मुलगे बदलले. सावकार तोच राहिला. पुढे हा चित्रपट ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला, म्हणजे परदेशातल्या कित्येकांना भारतीय व्यापारी पहिल्यांदा भेटला तो सुखीलालच्या रूपात.

यावर समाजात सहसा दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे रुसवा: आपल्यालाच का रंगवतात? दुसरी म्हणजे हसून सोडून देणे. दोन्ही थोड्या अपुऱ्या आहेत. सुखीलाल हवेतून आलेला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा माणसांपेक्षा त्यांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. पुढे १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला तो त्यातूनच. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इकडे लागू नव्हता. पण कर्जाचे दुखणे सीमा पाहून थांबत नसते. ‘मदर इंडिया’च्या शेवटी बिरजू सुखीलालच्या वह्या जाळतो, ती आग सुप्याची आहे. आणि आजही यार्डात कडता किती कापला, नमुन्याच्या नावाखाली किती मुठी हळद बाजूला गेली, यावरून कुजबुज होतेच. ती सगळीच खोटी असते असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

तरीही चित्र अर्धेच राहते. व्यापाऱ्याचे धैर्य कॅमेऱ्यासमोर फारसे आलेले नाही. जूनमध्ये उधारीवर बियाणे आणि खत दिले जाते. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणीची वेळ येते आणि तोच शेतकरी पुन्हा ओट्यावर उभा राहतो. जुनी बाकी अंगावर असताना त्याला दुसरी पिशवी द्यायची की नाही, हा निर्णय दुकानदाराला दहा मिनिटांत घ्यावा लागतो. त्याच्या मागेही घाऊक व्यापाऱ्याचा तगादा असतो. यात नाट्य कमी आहे काय? सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने २००९ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याची पेरणी, फसलेला पाऊस आणि पैशाची ओढाताण अतिशय संयमाने दाखवली. ते त्या शेतकऱ्याचे चित्र होते आणि तसेच असायला हवे होते. ओट्याच्या आतल्या बाजूचे चित्र अजून कोणी काढलेले नाही, एवढेच.

मग घराघरांत जेठालाल आला. तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’त चालवलेल्या गुजराती सदरावरून ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले. पडद्यावरचा व्यापारी प्रथमच कोणाचे घर न बुडवता घरी आला. तो बापासमोर मान खाली घालतो, सणाला शेजाऱ्यांबरोबर नाचतो, संकटात सापडतो आणि शेजारी त्याला सोडवतात. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका खोलीत बसून पाहावे असे फार थोडे उरले आहे. त्या थोड्यात या मालिकेचे स्थान मोठे. दिलीप जोशी यांच्या अभिनयाला त्याचे श्रेय द्यावेच लागेल.

मात्र एक गंमत आहे. इतक्या वर्षांत जेठालाल धंदा करताना किती दिसला? ‘गडा इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये नट्टूकाका पगारवाढ मागतात, बाघा घोटाळे करतो, पण माल पडून राहिल्याची रात्र, वसुली, कराचे विवरणपत्र यांचा थांग लागत नाही. दुकान हे तिथे विनोदाचे नेपथ्य आहे. सुखीलाल धंद्यातच बुडालेला होता, जेठालालला धंद्याचे ओझेच नाही. नातवाला वाटते, गल्ला आपोआप भरतो.

त्याच्या पुढची पायरी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आली. हंसल मेहता यांची ‘स्कॅम १९९२’ ही दहा भागांची वेबमालिका टाळेबंदीच्या वर्षात तरुणांनी अक्षरशः पारायणे करून पाहिली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर ती आधारलेली आहे आणि बातमी बाहेर काढणाऱ्या पत्रकार स्त्रीला तिने योग्य जागा दिली आहे. पण मोबाईलवर वाजू लागली ती हर्षद मेहताची धून. मालिका उत्तम होती, म्हणूनच अडचण झाली. प्रतीक गांधी यांनी त्या माणसाची भूक इतकी आपलीशी करून दाखवली की बँकांच्या पावत्यांचा खेळ पाहणाऱ्याला चलाखी वाटला. गुजराती जैन कुटुंबातला मुलगा, छोट्या जागेतून मोठ्या घरात गेलेला. ही वाट ओळखीची असल्याने अनेक घरांत तो जवळचाही वाटला. ठेवीदारांच्या पैशाचे काय झाले, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर क्वचितच निघाला. बीटावर उभे राहायला कंटाळणारा पदवीधर मुलगा डिमॅट खाते उघडून रात्रभर आलेख पाहत बसतो, तेव्हा वडिलांना सुखीलालपेक्षा या नायकाची काळजी अधिक वाटते. सुखीलालसारखे व्हावे असे निदान कोणाला वाटत नव्हते.

दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीचे रामलीला मैदान अजूनही भरते. दीड शतकाहून जुनी ही परंपरा चालते ती गावाच्या हातभारावर आणि त्यात बाजारपेठेचा वाटा नेहमीच राहिला आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळी. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस, नवे वीर निर्वाण संवत. हिशेब आता संगणकात असतात, तरी त्या दिवशी एक कोरी लाल वही आणली जाते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक निघते आणि गौतम स्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी मागितली जाते. अनेक घरांत हे लिहिण्याचा मान सर्वांत लहान हाताला मिळतो. आजोबा त्याचा हात धरून ओळ सरळ ठेवतात. बाहेरच्या खोलीत तेव्हा दूरचित्रवाणी बंद असते.