अंजनेरी : पाऊल जपून

श्रावण लागला की नाशिकच्या कुटुंबांची पावले आपोआप त्र्यंबक रस्त्याकडे वळतात. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर अंजनेरी गाव आणि गावाच्या पाठीशी सुमारे 4,200 फूट उंचीचा डोंगर. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून तो लोकश्रद्धेत प्रसिद्ध आहे. जैन समाजाचेही त्याच्याशी जुने नाते आहे. गावात प्राचीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि चढणीच्या वाटेवर खडकात कोरलेली जैन लेणी लागतात. एका मंदिरातील शके 1063 च्या, म्हणजे सुमारे इ.स. 1141 च्या संस्कृत शिलालेखात आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. जवळपास नऊशे वर्षांपूर्वी येथे पेठ होती आणि तिच्या मिळकतीतून धर्मकार्याचा वाटा निघत होता.

पायऱ्या संपल्या की विस्तीर्ण पठार लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेल्या या कातळावर माती अगदी पातळ आहे. उन्हाळ्यात रखरखीत वाटणारी ही भूमी पावसाळ्यात तेरडा, सोनकीने भरून जाते. याच गवतात एक लहानसे झुडूप उगवते : अंजनेरीचे कंदीलपुष्प, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. 2006 मध्ये नवी जाती म्हणून त्याची नोंद झाली आणि या डोंगराचे नाव त्यास मिळाले. या कुळातील फुलांची रचना विलक्षण असते. कंदिलासारख्या नळीत शिरलेली चिमुकली माशी आतील खालवर वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकते. केस कोमेजले की पराग घेऊन सुखरूप बाहेर पडते.

पाऊस सरला की हे झुडूप वाळते, पण मातीखाली कंद जिवंत राहतो. कंदमुळात अनंत जीव मानणाऱ्या घरांना या कंदाचे मोल वेगळे सांगावयास नको. पठाराच्या पातळ मातीवर सतत पावले पडली की ती घट्ट होते, पाण्याबरोबर वाहून जाते आणि कंदाचा आसराच नाहीसा होतो.

कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशातील गिधाडे झपाट्याने घटली. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. या साऱ्या जीवसृष्टीसाठी 2017 मध्ये अंजनेरीचे सुमारे 5.7 चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. तरीही वरपर्यंत मोटाररस्ता वा रज्जुमार्ग व्हावा, अशी मागणी अलीकडच्या काळात पुढे आली आणि निसर्गप्रेमींनी तिला विरोध केला. वृद्धांना दर्शन सुलभ व्हावे, ही भावना खोटी नाही. परंतु मोटारीसोबत गर्दी, दुकाने आणि कचराही वर पोहोचतो.

येथे एक विसंगती जाणवते. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरलेली असते, म्हणून साधू-साध्वीजी विहार थांबवून चातुर्मास एका जागी करतात. श्रावक कुटुंबे मात्र नेमकी त्याच दिवसांत सहलीस निघतात. जाऊच नये, असे कोणी म्हणणार नाही. मुलांनी हा डोंगर पाहिलाच पाहिजे. पण साधूंची ईर्यासमिती, म्हणजे पुढची भूमी न्याहाळत टाकलेले पाऊल, एका दिवसापुरती तरी गृहस्थाला पाळता येईल.

त्यासाठी फार काही लागत नाही. मळलेली वाट वा उघडा कातळ सोडू नये. छायाचित्रासाठी फुलांत बसू नये, फूल वा कंद घरी आणू नये. वाटेवरील माकडांना बिस्किटे देणे जीवदया वाटते, पण त्याने ती हिसकावण्यास सोकावतात आणि वन्य आहार विसरतात. नवकारशी आटोपून निघावे, सोबत नेलेला डबा रिकामा परत आणावा आणि सूर्यास्तापूर्वी पायथा गाठावा.

मुद्दल राखून व्याजावर निभावणे व्यापारी घरांना शिकवावे लागत नाही. पठाराचे सौंदर्य हे दरवर्षीचे व्याज. मातीखालचा कंद हे मुद्दल. नऊशे वर्षांपूर्वी दुकानांचे उत्पन्न मंदिरास लावून दिले गेले. आजच्या यात्रिकाने डोंगरासाठी एवढी सावधगिरी बाळगली, तरी ती परंपरा चालू राहील.