कोळसा खाणी आणि बराकरचे जीवाश्म

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाच्या कोळसा उत्पादनाने प्रथमच शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. या कोळशाचा मोठा भाग ज्या स्तरित खडकांतून निघतो, त्यांना भूवैज्ञानिक 'बराकर शैलसमूह' म्हणतात. दामोदरची उपनदी असलेल्या बराकरवरून हे नाव पडले असले, तरी हे थर झारखंड व पश्चिम बंगालपुरते मर्यादित नाहीत; चंद्रपूर आणि वणी परिसरातील खाणीही याच शैलसमूहात आहेत.

सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरल्यानंतर, नद्यांच्या खोऱ्यांतील दलदलींत वाढलेली वनस्पती गाळाखाली दबून हा कोळसा तयार झाला. मात्र कोळशात पानांचे आकार क्वचितच ओळखू येतात. ते टिकतात ते कोळशाच्या थरांमधील व त्यांवरील शेल या बारीक कणांच्या खडकात. तेथे आढळणारे जिभेच्या आकाराचे ग्लॉसोप्टेरिसचे पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडते. हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धान्ताचा तो एक ठळक पुरावा ठरला. त्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवन' हे नाव आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच मिळाले आहे.

अडचण अशी की, खाणीच्या हिशेबात हा शेल म्हणजे कोळशावरचा निरुपयोगी दगड. खुल्या खाणीत तो सुरुंगाने फोडून डंपरने ढिगाऱ्यावर टाकला जातो. खाणकामाला सरसकट दोष देणेही योग्य नव्हे. खाण नसती तर यांतील बहुतेक जीवाश्म कधी उजेडात आलेच नसते.

खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व भूअवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे हसदेव नदीकाठचे, बराकरहूनही जुन्या थरांतील सागरी जीवाश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहेत. नदीकाठ जागेवर राहतो. खाणीचा कडा मात्र सतत मागे सरकत असतो. त्याला कुंपण घालता येत नाही. त्यामुळे येथे स्मारकापेक्षा नियमित नमुनासंकलन अधिक उपयोगी ठरेल. सुरुंग लावण्यापूर्वी आणि दगड उचलण्यापूर्वी अभ्यासकांना खाणीत प्रवेश मिळावा, तसेच प्रत्येक नमुना कोणत्या थरातून आला याची नोंद व्हावी. थराची नोंद नसेल, तर ढिगाऱ्यावर सापडलेल्या सुंदर पानाचेही शास्त्रीय मोल बरेच घटते.

यात उद्योगाचाही स्वार्थ आहे. खडकांतील सूक्ष्म परागकण व बीजाणूंवरून थरांचे वय ठरते आणि एका क्षेत्रातील कोळशाचा थर दुसऱ्या क्षेत्रातील कोणत्या थराशी जुळतो, हे समजण्यास मदत होते.