एमडीने मेंदूच्या पेशी मरतात का?

'डॉक्टर, एमडीने मेंदूच्या पेशी मरतात म्हणे. खरे काय?' हा प्रश्न राजुऱ्यात आडून विचारला जातो. बहुतेक जण तो शेजाऱ्याच्या पोरासाठी विचारतात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली उत्तेजक पूड. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात तिचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ, दिल्ली आदी ठिकाणांहून १,७०० किलोंच्या वर माल पकडला. राज्यातच बनणाऱ्या वस्तूला राजुरा काही फार लांब नाही.

'हो, मरतात' असे ठोकून देणे सोपे आहे. व्याख्यानातून तेच सांगतात, मेंदूची चाळणी होते म्हणून. मला ही भाषा पटत नाही. महिनाभर पूड ओढणारा मित्र मोटारसायकल चालवतो, हसतो, बोलतो, हे पोरगा रोज पाहतो. मग आपले खरे बोलणेही त्याला थाप वाटू लागते.

खरे काय ते असे. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायला डोपामिन, सेरोटोनिन अशी रसायने लागतात. पेशीच्या तंतूच्या टोकाशी त्यांचा साठा असतो आणि तो गरजेपुरता सुटतो. उत्तेजक पूड हा साठा एकदम उपसते. म्हणून आधी ती तरतरी आणि मागाहून ती उदासी. (खर्ऱ्यातली तंबाखूही उत्तेजकच, पण तिचा मार सौम्य आणि तो आधी तोंडावर बसतो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

मेथॅम्फेटामिन हा एमडीचा थोरला भाऊ. त्याच्या मोठ्या मात्रेने प्राण्यांच्या मेंदूत डोपामिनच्या तंतूंची टोके झडतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पेशी स्वतः पुष्कळदा जिवंत राहते. तेंदूचे झुडूप वणव्यात होरपळले तरी खोड उभे असते, तसे. व्यसन सोडलेल्या माणसांच्या मेंदूच्या तपासणीत वर्षभरानंतर टोकांच्या खुणा बऱ्याच अंशी परतलेल्या दिसल्या. स्मरणशक्ती आणि हालचालींची चपळाई मात्र तेवढी परतली नव्हती.

एमडीचे चित्र थोडे निराळे आहे. उंदरांना नुसते मेफेड्रोन दिले तेव्हा ही टोके शाबूत राहिली. एवढेच वाक्य कापून खिशात ठेवणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. मेथॅम्फेटामिन किंवा एक्स्टसीच्या जोडीला ते दिले तेव्हा त्यांची इजा वाढली. आणि पुडीत काय काय कालवले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे ऊन. या जातीच्या पदार्थांनी अंग तापते. प्राण्यांना गार जागेत ठेवले की मेथॅम्फेटामिनने होणारी मेंदूची इजा कमी होते, तापलेल्या जागेत ती वाढते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पुण्या-मुंबईच्या गार खोलीत जी मात्रा निभावून गेली, ती इथे पत्र्याखाली निभावेलच असे कुणी समजू नये. पेशी खरोखर मरण्याची भीती अशाच वेळी असते. ताप चढतो, झटके येतात, मेंदूला रक्त आणि प्राणवायू पुरत नाही.

पोरगा तापला आहे, जबडा आवळला आहे, छाती धडधडते आहे, भलतेच काही दिसते म्हणतो आहे, तर त्याला खोलीत कोंडू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. अंगावर गार पाणी मारा, वारा घाला आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिथे काय घेतले ते खरे सांगा. 'उन्हात फिरला होता' एवढेच सांगून नेमके तेच दडवले, तर उपचारातला मोलाचा वेळ जातो.

पोलिसांच्या धाकाने घरचे लोक गप्प बसतात. त्यांनी कायद्याचे कलम ६४-अ समजून घ्यावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला त्या गुन्ह्याच्या खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. केंद्र कुठे आहे हे कळण्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन आईने केला तरी चालतो.