संग्रहालयातील हलके जेवण

परदेशप्रवासास निघालेली आपली कुटुंबे खाखरा, ठेपले आणि सुक्या चटण्यांची सिद्धता चोख करतात. संग्रहालयासाठी मात्र अर्धा दिवसही राखून ठेवत नाहीत. दालने फिरून पाय दुखतात आणि पोटात भूक उभी राहते, ही ज्येष्ठांची तक्रार रास्तच आहे. तिच्यावरील उपाय लंडनमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच योजला गेला.

साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालय 1857 मध्ये सुरू झाले. 1899 पासून ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखले जाते. पहिले संचालक हेन्री कोल यांनी कष्टकऱ्यांना दिवसाचे काम आटोपून येता यावे म्हणून गॅसच्या दिव्यांत सायंकाळीही दालने खुली ठेवली आणि आवारातच उपाहारगृह काढले. संग्रहालयातील उपाहारगृहांत ते जगातील पहिले मानले जाते. पुढे त्याच्यासाठी मॉरिस, गॅम्बल व पॉयंटर ही तीन दालने सजविण्यात आली. गॅम्बल दालनाच्या भिंतींना चिनी मातीच्या फरशा आहेत. त्या सहज धुता येतात, पेट घेत नाहीत आणि अन्नाचा वास धरून ठेवत नाहीत. शोभा आणि देखभालीतील काटकसर यांचा असा मेळ व्यापाऱ्याच्या नजरेस तत्काळ भरावा. त्या काळी ग्राहकांच्या वर्गानुसार खाद्यपदार्थांच्या याद्या वेगवेगळ्या असत. आज कोणीही कोठेही बसावे.

आलेल्या ग्राहकास गादीवर बसवून पाण्याचा पेला पुढे केला की तो घाईने उठत नाही, हे आपल्या पेढ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. 1988 मध्ये या संग्रहालयाने तर स्वतःची जाहिरात 'उत्तम उपाहारगृह, सोबत संग्रहालयही' अशा आशयाने केली. टीका झाली, पण मर्म चुकले नव्हते.

आपल्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास दुपारचे जेवण हाच दिवसाचा मुख्य आहार ठरतो. दुसरे, 'शाकाहारी' या शब्दावर विसंबू नये. केकमध्ये अंडे, सूपमध्ये कांदा-बटाटा आहे का, हे नम्रपणे विचारावे. ऊणोदरी तपाची सवय असलेल्यास फळे आणि साधा पाव एवढे पुरे होते. शिवाय जड पोटाने दालने पाहवत नाहीत.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. याच संग्रहात तीर्थंकरांच्या मूर्ती आणि कल्पसूत्राची सचित्र पाने आहेत. प्रकाशाने रंग फिके पडतात म्हणून अशी पाने कायम मांडून ठेवीत नाहीत. निघण्यापूर्वी चौकशी करावी. प्रवेश विनामूल्य आहे. जेवणानंतरचा एक तास नातवंडांसोबत तेथे घालवावा. मस्तकावरील नागफणांवरून पार्श्वनाथ ओळखण्यास आजोबांनी शिकविले नाही, तर काचेखालील पाटी वाचूनच मुलांना आपला वारसा समजून घ्यावा लागेल.