सुट्या भागांचा प्रश्न

बैल घेतांना आपला शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, खांदा चांचपतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरून सौदा करतो. तोच शेतकरी आठ-दहा लाखांची पिकअप किंवा ट्रॅक्टर घेतांना रंग, कर्जाचा हप्ता आणि विक्रेत्यानें देऊं केलेली सवलत एवढेंच पाहतो, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. गाडी एकदां दाराशीं आली म्हणजे पुढील पंधरा वर्षें तिला सुटे भाग लागणार. ते कोठें मिळतात, किती दिवसांत मिळतात, आणि ते बसविणारा मनुष्य तालुक्यांत आहे कीं नाहीं, याची चौकशी सौद्यापूर्वीं करणारे फारच थोडे. या उपेक्षेची किंमत हंगामांत मोजावी लागते. वाफसा थोडे दिवस टिकतो. त्या दिवसांत दोन-तीनशें रुपयांचें बेअरिंग न मिळाल्यामुळें ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर नुकसान बेअरिंगाचें होत नाहीं, पेरणीचें होतें. टोमॅटोनें भरलेली पिकअप घाटांत बंद पडली तर काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

जी गाडी पुष्कळ वर्षें व पुष्कळ संख्येनें चालली, तिचे भाग खेड्यापाड्यांत मिळतात, हा साधा नियम आहे. मुंबईस माझगांव येथें, महिंद्र या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचा सांगाडा, गिअर व पुढील-मागील धुरे यांची मूळ बांधणी नंतरच्या जीपगाड्यांतून कित्येक दशकें थोड्याबहुत फरकानें चालत राहिली. त्यामुळें बापानें जी जीप खोलली तीच मुलानेंहि खोलली, आणि तालुक्यातालुक्यांत तिचे जाणते कारागीर तयार झाले. याच्या उलट उदाहरण अलीकडचें आहे. आपल्या खेड्यांत प्रवासी वाहतुकीस टवेरा गाडी पुष्कळ वापरली गेली. ती तयार करणाऱ्या जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस या देशांतील विक्री बंद केली. फोर्ड कंपनीनें २०२१ सालीं येथील उत्पादन आटोपतें घेतल्याचें जाहीर केलें. अशा वेळीं कंपन्या सेवा व सुटे भाग चालूं ठेवण्याचें आश्वासन देतात, आणि तें सर्वस्वीं खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कंपनीचें आश्वासन आणि तालुक्याच्या दुकानांतील फळी यांत फार अंतर असतें.

म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, गाडी पसंत करण्यापूर्वीं विक्रेत्याकडे जाऊं नये, सुट्या भागांच्या दुकानांत जावें. क्लचप्लेट, पाण्याचा पंप, डिझेलचा फिल्टर, पुढच्या चाकाचें बेअरिंग व समोरचा दिवा, या पांच वस्तू त्या गाडीच्या नांवानें मागाव्या. पांचांपैकीं चार फळीवरून खालीं आल्या तर गाडी घेण्यास हरकत नाहीं. "मागवून देतों" असें उत्तर पुनःपुन्हां मिळालें, तर विक्रेत्याची सवलत कितीहि मोठी असो, ती गाडी शहरांतल्या लोकांस सोडून द्यावी.

आतां प्रत्यक्ष भाग मिळविण्याविषयीं. आपली सर्वांत मोठी चूक ही कीं, आपण भाग गाडीच्या नांवानें मागतों, क्रमांकानें मागत नाहीं. बेअरिंगाच्याच बाबतींत पाहा. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. समजा, तो ६२०५ आहे. जगांत कोणत्याहि चांगल्या कारखान्याचें ६२०५ बेअरिंग आंतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२ मिलिमीटर व रुंदीस १५ मिलिमीटर असावयाचें. शेवटचे दोन आंकडे ०४ किंवा त्याहून अधिक असल्यास त्यांस पांचांनीं गुणिलें म्हणजे आंतील भोंकाचें माप निघतें. ०३ असेल तर माप १७, ०२ असेल तर १५. हेंच बेअरिंग मळणीयंत्रांत असेल, पाण्याच्या मोटारींत असेल, गाडीच्या डायनामोच्या अंगाला असेल, वस्तु एकच. गाडीच्या नांवाच्या डबींत घातलें म्हणजे त्याची किंमत वाढते, बेअरिंग वाढत नाहीं. मात्र क्रमांकापुढील अक्षरेंहि नीट उतरून घ्यावीं. झेड-झेड असेल तर दोन्ही बाजूंस पत्र्याचीं झांकणें असतात, टू-आर-एस असेल तर रबराचीं. चिखलांत चालणाऱ्या यंत्रास रबराचींच बरीं. सी-३ असें असेल तर त्या बेअरिंगांत नेहमीपेक्षां किंचित् अधिक मोकळीक ठेविलेली असते. तेथें साधें बसविलें तर तापून लवकर जातें, आणि दोष मात्र दुकानदारास मिळतो. चाकांत शंकूच्या आकाराचे रोलर असलेलें बेअरिंग असल्यास आंतील कोन व बाहेरचा कप दोन्ही एकदम बदलावे. जुन्या कपांत नवा कोन बसविणारा मिस्त्री तुमचे थोडे पैसे वांचवून पुष्कळ घालवितो.

ऑइल सीलचेंहि तसेंच आहे. त्यावर ३५-५२-७ असे तीन आंकडे असले तर पहिला दांड्याचा व्यास, दुसरा घराचा व्यास व तिसरा जाडी. हे तीन आंकडे जुळले कीं सील बसलें. तरीहि तेल गळत असेल तर सिलास शिव्या न देतां दांड्यावर नख फिरवून पाहावें. जुन्या सिलाच्या ओठानें तेथें खांच पाडलेली असते. त्या खांचेवर कोणतेंहि नवें सील टिकणार नाहीं. दांड्यावर पातळ बाही चढवावी, नाहींतर घरांत जागा असल्यास सील थोडें आंत-बाहेर सरकवून बसवावें. पट्ट्यावरील अक्षर त्याच्या छेदाचा आकार सांगतें व पुढील आंकडा आंतील लांबी इंचांत सांगतो. बी-५२ म्हणजे बी आकाराचा बावन्न इंची पट्टा. हें सर्व वाचावयास एक व्हर्निअर व एक वही पुरते. प्रत्येक गाडीची एक वही घरीं असावी, तींत सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक, आणि जो जो भाग बदलला त्याचा क्रमांक, तारीख, किंमत व दुकान लिहावें. पिकाचा हिशेब ठेवणाऱ्यास हें जड जाऊं नये. आणि जुना भाग मिस्त्रीकडे टाकून येऊं नये. तो घरीं आणावा. नवा भाग घेतांना हातांत जुना असला म्हणजे दुकानदारहि सांभाळून बोलतो.

मापानें सर्वच भाग घ्यावे असा याचा अर्थ नव्हे. ब्रेकचे रबर व पट्ट्या, स्टिअरिंगचे सांधे, डिझेलचें नोझल, हे भाग कंपनीच्या क्रमांकाप्रमाणें व खात्रीच्या दुकानांतूनच घ्यावे. तेथें केलेली काटकसर दवाखान्यांत खर्च होते.

बाजारांत ज्यास 'डुप्लिकेट' म्हणतात त्या बनावट मालाचें काय करावें, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. पुण्यास नाना पेठेंत, मुंबईस कुर्ल्यास, कोल्हापुरास उद्यमनगरांत प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत. पण ज्या बाजारांत अस्सल माल फार खपतो तेथेंच नकलीसहि गिऱ्हाईक मिळतें. डबीवरील छपाई पुसट, भागावरील क्रमांक वेडावांकडा, वजन हातास हलकें, आणि भाव निम्मा, अशी चार लक्षणें एकत्र आलीं म्हणजे पांचवें शोधूं नये. हल्लीं बहुतेक डब्यांवर चौकटीची खूण असते. ती मोबाइलनें तपासतां येते, ती तपासावी. टायर घेतांना कडेवरील चार आंकडे पाहावे: ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांत तो टायर तयार झाला. दुकानांत चार वर्षें पडलेला टायर नव्याच्या भावानें घेण्याचें कारण नाहीं. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. अस्सल भागाची रिकामी डबी भंगारवाल्यास अखंड देऊं नये, फाडून टाकावी. कारण तीच डबी नकली माल पोटांत घेऊन पुन्हां आपल्याच तालुक्यांत येते.

पावतीवांचून भाग घेऊं नये, हें तर आहेच. २०२५ च्या सप्टेंबरांत ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब व अनेक सुटे भाग यांवरील कर अठरा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आणण्यांत आला. ही सूट दुकानदाराच्या गल्ल्यांत राहते कीं आपल्या हातीं येते, हें पावतीवरूनच कळणार.

जुन्या गाड्यांचे निघालेले भाग घ्यावे कीं नाहीं? दार, कांच, पत्रा, गिअरपेटीचें घर, मागील धुरा, हे घ्यावे. नव्याच्या मानानें फार स्वस्त पडतात व काम तेंच देतात. रबर, पट्टे, सिलें, क्लचप्लेट हीं जुनीं घेणें म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणें होय. जुनें इंजिन घेतांना त्याचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि परिवहन कार्यालयांत नोंद करून घ्यावी. चोरीच्या गाडीचें इंजिन आपल्या गाडींत सांपडलें तर खुलासा आपणांसच करावा लागतो.

पण मुळांत दरवेळीं भाग बदलण्याचीच गरज असते असें नाहीं. कोल्हापूरसारख्या ठिकाणीं, जेथें ओतशाळा व लेथ गल्लोगल्लीं आहेत, तेथें क्रँक घासून, सिलिंडरांत नवी बाही घालून, तुटलेला दांडा वळवून इंजिन पुन्हां उभें करणारे कारागीर आहेत. क्रँक पाव मिलिमीटर घासली तर बेअरिंगहि पाव मिलिमीटर कमी मापाचेंच लागतें, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें. ज्या देशांत लोखंडाहून मजूर महाग झाला तेथें बदलणें परवडतें. आपल्याकडे दुरुस्ती ही अजून खरी काटकसर आहे.

या कारागिरांस तुच्छ लेखून "कंपनीच्या वर्कशॉपवांचून गाडीस हात लावूं देऊं नये" असा उपदेश करणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. हमीच्या मुदतींत तें ठीक. पुढें काय? तालुक्यापासून वर्कशॉप साठ किलोमीटर, तेथें आठ दिवसांची रांग, आणि भागाचा भाव विचारण्याची सोय नाहीं. हा एकट्या शेतकऱ्याचा त्रागा नव्हे. २०१४ च्या ऑगस्टमध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण त्यांनीं मूळ सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस मिळूं दिली नाहीं, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाचें प्रकरण पुढें अपिलांत गेलें, तरी प्रश्न चव्हाट्यावर आला तो आलाच. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें, आणि त्यांत मोटारींबरोबर शेतीच्या अवजारांचाहि समावेश केला. अमेरिकेंतील शेतकऱ्यांस तर आपलाच ट्रॅक्टर उघडण्यासाठीं झगडावें लागलें. तेथील फार्म ब्यूरो या शेतकरी-संघानें २०२३ च्या जानेवारींत जॉन डीअर कंपनीशीं दुरुस्तीची साधनें व माहिती मिळण्याबाबत करार केला.

त्यांचें दुखणें आपल्याकडे येणार नाहीं असें समजूं नये. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांस भारत-सहाचे नियम लागू झाले, व २०२३ च्या जानेवारीपासून पन्नासहून अधिक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांसहि धुराचे कडक नियम लागले. धूर कमी झाला हें उत्तमच झालें. परंतु आतां डिझेलचा फवारा विजेच्या मेंदूच्या हुकुमानें चालतो, आणि त्या मेंदूची तक्रार पान्यानें कळत नाहीं, तपासणी-यंत्रानेंच कळते. तें यंत्र व त्याची भाषा गांवच्या मिस्त्रीस मिळावी यासाठीं शेतकऱ्यांनींच बोलावयास हवें. कारण मिस्त्री एकटा आहे, आणि आपण पुष्कळ आहों.

संघांनीं करण्याजोगें एक काम तर उद्यांच सुरू होण्यासारखें आहे. प्रत्येक तालुक्याच्या खरेदी-विक्री संघानें आपल्या सभासदांच्या ट्रॅक्टरांची व पिकअपांची यादी करावी, त्यांत ज्या तीन-चार जाती अधिक असतील त्यांचे फिल्टर, पट्टे, चाकांचीं बेअरिंगें, सिलें, क्लचप्लेटी व पाण्याचे पंप मृगापूर्वीं एकगठ्ठा विकत घेऊन गुदामांत ठेवावे, आणि पावतीच्या भावावर थोडा खर्च चढवून सभासदांस द्यावे. खतांच्या पोत्यांशेजारीं एक कपाट पुरेल. किल्ली मात्र अशा माणसाजवळ असावी, जो पेरणीच्या दिवसांत रात्रीं दहा वाजतां दार उघडील. त्याच कपाटांत एक व्हर्निअर व एक तपासणी-यंत्र ठेवून, तालुक्यांतील दोन तरुण मिस्त्र्यांस तें चालविण्याचें शिक्षण संघाच्या खर्चानें द्यावें. खर्चाची वांटणी ट्रॅक्टरामागें केली तर कोणासहि डोईजड होणार नाहीं.